गुर्द्यावरची गाठ

मी सहा वर्षं बोकडांच्या ॲड्रिनल ग्रंथींवर काम केलं. त्यातली शेवटची दोन वर्षं माझ्याच घरात एका माणसाच्या ॲड्रिनल ग्रंथी हळूहळू बंद पडत होत्या, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी काही हुशारी दाखवणार आहे असं कुणाला वाटायला नको.

जालन्यातल्या एका कॉलेजात मी झूलॉजी शिकवते. नवरा बियाण्यांच्या कंपनीत आहे, त्याचे निम्मे दिवस शेतकऱ्यांच्या बांधावर जातात. सासरे गेल्यावर सासूबाई टेंभुर्णीहून आमच्याकडे राहायला आल्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंच्या गळ्यात माळ, घरात कांदा-लसूण चालायचा पण अंडं नाही. मी लग्नाआधी अंडं खात होते, ही गोष्ट नवऱ्याला माहीत होती आणि त्याने ती कुठे काढली नव्हती. अशा घरातून मी खाटीक गल्लीत जाणार आहे, असं लग्न जमवताना कुणी बोललं नव्हतं, कारण मलाही ते माहीत नव्हतं.

पीएचडीला विषय माझ्या गाइड सरांनी दिला. ते विद्यापीठात संभाजीनगरला असत, प्रयोगशाळाही तिथंच, जालन्याहून बसने दीड तास. विषयाचं नाव तीन ओळींचं होतं. थोडक्यात सांगायचं तर प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक छोटी ग्रंथी बसलेली असते. तिच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एक हार्मोन तयार करतात. शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जाऊ नये म्हणून ते हार्मोन लागतं. या पेशी हार्मोन आधी करून साठवून ठेवत नाहीत. रक्तातून हुकूम आला की कोलेस्टेरॉल घ्यायचं आणि ताजं करायला बसायचं. हा हुकूम पेशीच्या बाहेरच्या भिंतीपाशी येतो आणि काम होतं आत, तेव्हा मधे निरोप कोण नेतं, हा प्रश्न. एक निरोप्या सगळ्यांना माहीत होता, कॅल्शियम. हुकूम आला की पेशीत कॅल्शियम वाढतं. दुसरा निरोप्या म्हणजे एक फॅटी ॲसिड. ते पेशीच्या भिंतीतच बांधलेलं असतं, वेळ आली की एक एन्झाइम ते तिथून कापून मोकळं करतं. या दोघांतलं आधी कोण, नंतर कोण, आणि एक नसेल तर दुसऱ्याचं चालतं का, एवढंच मला शोधायचं होतं. सर म्हणाले तीन वर्षांत होईल.

पेशी जिवंत लागत. म्हणजे ग्रंथी ताजी लागे. उंदीर वापरायचे तर परवानग्या, पिंजरे आणि समिती आली. सर म्हणाले, जालन्यात बोकड कापतात ना. मी म्हणाले, कापत असतील.

पहिल्या दिवशी मी सकाळी साडेसहाला गल्लीत गेले. हातात थर्मास, त्यात बर्फ, बर्फात सलाइनची बाटली. दुकानदार साठीचे असतील, पांढरी दाढी, अंगात बनियन. घरात उर्दू बोलणारी माणसं, गिऱ्हाइकाशी मराठी. त्यांनी विचारलं किती पाहिजे. मी म्हणाले, मटण नको. मग काय पाहिजे, हे मला सांगता येईना. ग्रंथीला बाजारात काय म्हणतात ते पुस्तकात नव्हतं. शेवटी मी वहीत मूत्रपिंड काढून त्यावर टोपीसारखं काहीतरी काढलं. त्यांनी वही हातात घेतली, जरा लांब धरली, आणि मागं लटकवलेल्या बोकडाच्या पोटात हात घालून गुर्द्याजवळच्या चरबीतून बोटांनी राजम्याच्या दाण्याएवढी तपकिरी गाठ काढून माझ्यासमोर ठेवली.

"हे तर आम्ही फेकून देतो, मॅडम," ते म्हणाले. "दवाईला पाहिजे का?"

मी म्हणाले, अभ्यासाला. त्यांनी दुसऱ्या बाजूचीही काढून दिली. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले.

मी बस स्टँडवर पोचायच्या आत ही बातमी आमच्या घरी पोचली होती. घराजवळच्या किराणावाल्याने पाहिलं, त्याच्या बायकोने आत्याबाईंना सांगितलं. संध्याकाळी मी आले तेव्हा आत्याबाईंनी माझ्यासाठी पाणी तापवून ठेवलं होतं आणि बाथरूमच्या दारात माझी धुतलेली साडी. मी आंघोळ करून आले तेव्हा ताट वाढलेलं होतं. हा प्रकार पुढं सहा वर्षं चालला. आठवड्यातून दोन दिवस मी गल्लीत जायची, दोन दिवस संध्याकाळी पाणी तापलेलं असायचं. एकदाच, बस बंद असल्याने, मी थर्मास घरी आणून फ्रिजमधे ठेवला. त्या दिवसापासून आत्याबाईंनी फ्रिजमधलं काही खाल्लं नाही. दही वाटीत काढून खिडकीत झाकून ठेवू लागल्या. मी फ्रिज दोनदा धुतला. त्या म्हणाल्या, धुतला ते चांगलं केलं.

एकदा त्यांनीच विचारलं, मी तिथं नेमकं करते काय. मी भाजी निवडत होते. मी सांगितलं की त्या गाठीतून एक रस निघतो, तो रस अंगातलं मीठ धरून ठेवतो. रस नसला तर सगळं मीठ लघवीतून जातं, माणूस गळून जातं. त्या जरा वेळ विचार करून म्हणाल्या, "मंग मीठ जास्ती खावं." मी हसले. म्हणाले, ते एवढं सोपं नसतं. मग मी त्यांना कॅल्शियम आणि फॅटी ॲसिड सांगायला सुरुवात केली. चरबी म्हटल्यावर त्यांनी विचारलं, ती पण बोकडाचीच का. मी म्हणाले, तुमच्या-माझ्या अंगातली पण तशीच. हे त्यांना आवडलं नाही, त्या भाजी घेऊन आत गेल्या.

माझं काम मात्र चालत नव्हतं. रीत अशी होती. ग्रंथीची साल काढायची, बाहेरचा थर बारीक चिरायचा, एन्झाइममधे ठेवून पेशी सुट्या करायच्या, मग त्या छोट्या वाट्यांत वाटून कुणाला हुकूम द्यायचा, कुणाला नाही, कुणाचं कॅल्शियम काढून घ्यायचं, कुणाच्या फॅटी ॲसिडची वाट औषधाने अडवायची, आणि शेवटी प्रत्येक वाटीत किती हार्मोन सुटलं ते मोजायचं. पेशींत एक रंगद्रव्य भरलं की कॅल्शियम वाढल्यावर त्या चमकतात. ते बघायला मला आवडायचं. अंधाऱ्या खोलीत एकटं बसून आपण हुकूम टाकायचा आणि सगळ्या पेशी एकामागोमाग उजळायच्या. फॅटी ॲसिड बघता येत नसे. ते काचेच्या सीलबंद नळीत यायचं, हवा लागली की खवट होऊन वाया जायचं. एवढं नाजूक प्रकरण निरोप कसा नेत असेल असं मला वाटायचं.

एखाद्या दिवशी पेशी एवढं हार्मोन सोडायच्या की मोजपट्टी संपायची. पुढच्या वेळी तेच सगळं केलं तरी काहीच नाही. वर्ष असं गेलं. सरांना वाटलं माझा हात कापतो. त्यांनी माझ्या शेजारी उभं राहून मला पिपेट धरायला लावलं. हात कापत नव्हता. मग त्यांना वाटलं पाणी खराब आहे, पाणी बदललं. मग त्यांनी मला विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. घरी सगळं ठीक आहे, असं मी सांगितलं.

एकदा गल्लीत चाचांनी विचारलं की मॅडम, काम कुठवर आलं. मी खरं ते सांगितलं. कधी खूप येतं, कधी काहीच येत नाही. त्यांनी विचारलं, खूप कोणत्या दिवशी येतं. मी वही काढली. दोघांनी मिळून पाहिलं. चाचा सुरी पुसत म्हणाले, "बुधवारी माल लांबून येतो. दोन दिवस ट्रकमधे, पाणी बराबर न्हाई. उतरवला की भिंत चाटतो. शनिवारचा माल आपल्या भोकरदनकडचा, घरचा, खाऊन-पिऊन आलेला."

मी बसमधे बसले आणि थर्मास मांडीवर धरून घनसावंगीच्या फाट्यापर्यंत गेले. चुकीची बस होती. परत येताना मला सगळं कळलं होतं. पाण्यावाचून, मिठावाचून दोन दिवस राहिलेल्या जनावराची ती ग्रंथी आधीच पूर्ण जोरात चाललेली असणार. मी दोन वेगळ्या जनावरांना एकच समजून सरासरी काढत होते.

हे ऐकून सर म्हणाले, दोन्ही गट वेगळे करा, चौथं प्रकरण होईल. झालं. आणि खरं तर तेच प्रकरण प्रबंधातलं एकमेव चांगलं प्रकरण. बाहेरचं कॅल्शियम काढून घेतलं की दोन्ही गटांच्या पेशी गप्प बसत. फॅटी ॲसिडची वाट अडवली की घरच्या बोकडांच्या पेशी मंदावत, तहानलेल्यांच्या मात्र फारशा ऐकत नसत. नुसतं फॅटी ॲसिड दिलं आणि कॅल्शियम नाही दिलं, तर कुणीच हलत नसे. म्हणजे कॅल्शियमवाचून अडतं, फॅटी ॲसिड जोर वाढवतं, आणि जीव टंचाईत असला की पेशी दुसरी वाट शोधतात. या वाक्यातला दुसऱ्या वाटेचा भाग सरांनी खोडला. पुरावा नाही म्हणाले. बरोबर होतं.

याच काळात आत्याबाई काळ्या पडू लागल्या.

त्या मुळात गव्हाळ. दिवाळीला टेंभुर्णीला जाऊन आल्या, तेव्हा तोंड काळवंडलेलं दिसलं. कापूस वेचणीला शेतात उभ्या राहिल्या असतील, ऊन लागलं असेल, असं सगळे म्हणाले. संक्रांत आली, ऊन नव्हतं, रंग तसाच. बोटांच्या पेरांवर, कोपरांवर जास्त. त्या म्हणाल्या, वय झालं. त्या थकू लागल्या. सकाळी अंगण झाडून झालं की पायरीवर बसत. जेवण कमी झालं, ब्लाउज सैल पडले, त्यांनी स्वतःच ते आत घेतले. नवऱ्याने डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि म्हणाले, तरण्या पोरीसारखं कमी आहे, छान आहे. ॲसिडिटीची गोळी आणि ताकदीची इंजेक्शनं दिली.

आणि त्या मीठ खाऊ लागल्या. ताकात मीठ, भाताला वरून मीठ, पेरूला मीठ, लोणच्याचा खार बोटाने चाटायचा. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर त्या मिठाच्या बरणीपाशी उभ्या होत्या आणि तळहातावरचं मीठ नुसतं जिभेवर घेत होत्या. मला बघून त्यांनी हात पदराला पुसला.

मी तेव्हा प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहीत होते. त्यात हे हार्मोन जास्त झालं की मीठ साठतं आणि रक्तदाब वाढतो, हे सगळं सविस्तर, संदर्भांसह होतं. डोक्यात तेच. मी त्यांना या वयात एवढं मीठ बरं नाही, असं समजावलं. त्यांनी मान हलवली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग मी बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली, त्यांचा हात पोचणार नाही अशी. स्वयंपाकात मीठ निम्मं केलं. पापड बंद, लोणचं बंद. नवरा दोन घास खाऊन म्हणाला, आळणी आहे. मी म्हणाले, सवय होईल. आत्याबाई एकदा मला म्हणाल्या, "तोंडाला चव न्हाई गं. मिठाचीच चव लागती." मी म्हणाले, तेच तर व्यसन असतं.

हे मी म्हणाले होते. शब्द आठवतात.

त्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पिंपळगाव रेणुकाईला नात्यातलं लग्न होतं. तिथं जेवणाने निम्म्या वऱ्हाडाला जुलाब लागले. आम्हालाही लागले, दोन दिवसांत थांबले. आत्याबाईंना मात्र घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठताच येईना. उठायला गेल्या तर भिंतीला टेकून खाली बसल्या, उलटी झाली, बोलणं ओढल्यासारखं. हात बर्फासारखे गार. नवरा बाहेरगावी. मी आणि शेजारच्या काकांनी त्यांना गाडीत घातलं आणि जालन्यातल्याच एका दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर तिशीच्या असतील. नर्स बीपी घ्यायला लागली आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घेऊ लागली. डॉक्टरांनी सलाइन सुरू करायला सांगितलं. मग त्यांनी आत्याबाईंचा हात उलटा करून तळव्यावरच्या रेघा बघितल्या. रेघा काळ्या होत्या, शाईने ओढल्यासारख्या. ओठ वर करून हिरड्या बघितल्या. तिथंही काळे डाग. मी ते कधी पाहिले नव्हते, कुणी कुणाच्या हिरड्या बघत नाही.

त्यांनी मला विचारलं, वजन उतरलंय का. हो. थकवा? हो. किती महिन्यांपासून? वर्ष, जास्तच.

"मीठ जास्त खातात का?"

"खात होत्या," मी म्हणाले. "मी बंद केलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहिता लिहिता विचारलं, तुम्ही काय करता. कॉलेजात शिकवते, पीएचडी चालू आहे, मी म्हणाले. कशावर, त्यांनी विचारलं. नुसतं बोलायचं म्हणून विचारलं असावं.

"ॲड्रिनलवर," मी म्हणाले.

त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी नर्सला हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणायला सांगितलं आणि रक्त आधी काढून घ्या म्हणाल्या. मला एवढंच म्हणाल्या, "मग मला तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही."

खरंच लागलं नाही. मी त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि एकेक करून सगळं आपोआप मांडलं गेलं. ग्रंथी काम करत नाहीत, म्हणून मीठ वाहून जातं, म्हणून मिठाची ओढ. मेंदूखालची ग्रंथी त्यांना ओरडून हुकूम देत राहते, त्या हुकमाच्याच जोडीने कातडी काळी करणारा रस निघतो, म्हणून रंग. बीपी कमी, म्हणून थकवा. जुलाबात उरलंसुरलं मीठ-पाणी गेलं, म्हणून हे. प्रबंधातलं प्रत्येक वाक्य. फक्त ते बोकडांबद्दल होतं.

दुपारी दोनच्या सुमाराला आत्याबाईंनी डोळे उघडले. चारला त्या उशीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, भूक लागली. गेल्या सहा महिन्यांत हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. नवरा तोवर पोचला होता. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिला, मग खाली जाऊन इडल्या घेऊन आला, सहा. त्यांनी चार खाल्ल्या आणि चटणीत मीठ कमी आहे म्हणाल्या.

दोन दिवसांनी स्कॅन झालं. रिपोर्टमधे लिहिलं होतं की दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी आकसलेल्या असून त्यांत कॅल्शियम साठलं आहे. मी ते वाक्य जिन्यात उभी राहून चार-पाचदा वाचलं. सहा वर्षं मी कॅल्शियम पेशीत येताना आणि जाताना बघत होते. क्षणभर यायचं, काम सांगायचं आणि परत जायचं, एवढंच मला माहीत होतं. इथं ते येऊन खड्यासारखं बसलं होतं, आणि काम सांगायला पेशी उरल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक जुना टीबी. छातीचा बरा होतो, ग्रंथीत दबून राहतो, वर्षांनी कळतं. कधी झाला होता का?

नवरा म्हणाला, नाही, आमच्या घरात कुणालाच नाही.

"झाल्ता," आत्याबाई पलंगावरून म्हणाल्या. "तू पोटात यायच्या आधी. तुह्या आजोबानं माहेरी धाडलं, वर्षभर गोळ्या खाल्ल्या. कुणाला सांगायचं न्हाई म्हणले, मंग न्हाई सांगितलं."

नवरा त्रेचाळीस वर्षांचा होता. तो खुर्चीवर बसला. नंतर त्याने विचारलं की बाबांना माहीत होतं का. त्या म्हणाल्या, त्यांनीच तर माहेरी नेऊन सोडलं होतं.

पुढचे तपास झाले, जिवंत टीबी सापडला नाही, ग्रंथी मात्र कायमच्या गेल्या होत्या. दोन गोळ्या जन्मभर. एक मिठाची राखण करणारी, दुसरी बाकीचं सगळं. घरी आल्यावर मी वरच्या फळीवरून बरणी काढून त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवली. आणि जे सांगायचं होतं ते सांगायला बसले. की मीठ बंद केलं ते मी, आणि तुमचं शरीर बरोबर मागत होतं, मी चुकले होते. माझं काम हेच असूनही मला कळलं नाही. अजून चार दिवस असेच गेले असते तर काय झालं असतं, तेही सांगितलं. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

आत्याबाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर उठल्या, देवघरात गेल्या आणि गीतेच्या पोथीमागून एक स्टीलची डबी काढून आणली. कुंकवाची असते तसली. तिच्यात खडेमीठ होतं.

"तू बरणी वर ठेवली त्याच दिवशी भरून ठेवली म्या," त्या म्हणाल्या. "दिवसातून चार-पाच खडे. देवाम्होरं बसलं की कुणी इचारत न्हाई."

त्या वर्षभरात त्या दोन्ही वेळा बराच वेळ पूजेला बसत. आम्हाला वाटायचं, वय झालं की देवाची ओढ लागते.

मी डॉक्टरांना पुढच्या भेटीत हे सांगितलं. त्या प्रथमच मोकळं हसल्या आणि म्हणाल्या की त्या डबीनेच आत्याबाईंना पिंपळगावच्या लग्नापर्यंत तगवलं असेल. मग त्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं.

गोळ्या सुरू करताना आत्याबाईंनी एकच अडचण काढली. गोळीचं पाकीट हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, हे बोकडाच्या गाठीपासून करतात का. आणि खरं सांग म्हणाल्या. मला नक्की माहीत नव्हतं. मी दोन दिवस शोधलं, सरांना विचारलं, औषधांच्या एका प्राध्यापकांना विचारलं. पूर्वी कधी जनावरांपासून काढत, आता वनस्पतींतल्या द्रव्यापासून कारखान्यात करतात, असं सगळ्यांनी सांगितलं. गोळी बांधायला काय वापरतात, तेही कागद वाचून तपासलं. दोन दिवस त्या गोळी घेत होत्याच, कारण डॉक्टरांनी एकही चुकवायची नाही म्हणून सांगितलं होतं. पण माळ काढून, खुंटीला अडकवून घेत होत्या. तिसऱ्या दिवशी माझं ऐकून त्यांनी माळ परत घातली.

प्रबंध त्या वर्षाअखेर सादर झाला. आभारात मी सरांच्या खालोखाल चाचांचं नाव घातलं. सरांनी ते पाहिलं आणि वर-खाली करायचं का असं विचारलं, मी नको म्हणाले. एक प्रत चाचांना दिली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी चौथ्या प्रकरणातले आलेख पाहिले, बुधवारचा कोणता आणि शनिवारचा कोणता ते विचारून घेतलं, आणि प्रत वजनकाट्याच्या मागच्या फळीवर ठेवली. आत्याबाईंची तब्येत मी त्यांना सांगितली होती. त्यांनी विचारलं की घरी मीठ आता खुलं आहे ना. आहे, मी म्हणाले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यांत शेवटी विचारलं, या सगळ्याचा माणसाला उपयोग काय. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, त्याला ठरलेलं उत्तर असतं, मी ते पाठही केलं होतं. ते न देता मी म्हणाले की उपयोग होण्यासाठी माणसाकडे बघावं लागतं, आणि मी दोन वर्षं बघितलं नाही. त्यांना काही कळलं नसावं. सरांनी घाईने आभार मानले. पदवी मिळाली.

आत्याबाई आता पुन्हा सगळं घर चालवतात. रंग बराचसा उतरला, हाताच्या रेघा मात्र अजून थोड्या काळसर आहेत. डॉक्टरांनी त्यांना शिकवलंय की ताप आला की गोळी दुप्पट, उलटी झाली की दवाखाना. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. अडचण एवढीच झाली की त्या आमच्या गल्लीतल्या प्रत्येक थकलेल्या बाईच्या हिरड्या बघू लागल्या. समोरच्या घरातल्या एका मावशींना त्यांनी रोज सकाळी खडेमीठ चाटायला सांगितलं. त्या मावशींना बीपीच्या गोळ्या चालू होत्या. मला पळत जाऊन ते थांबवावं लागलं, आणि परत येऊन आत्याबाईंना समजावावं लागलं की सगळ्यांच्या गाठी बंद पडलेल्या नसतात. त्या म्हणाल्या, तपासायला काय जातं.

गेल्या महिन्यात त्या बायकांबरोबर जांब समर्थला दर्शनाला गेल्या, दोन दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. सकाळी अंगात कणकण होती, ताप आल्ता, दोन गोळ्या घेतल्या, आता बरं आहे, तू येऊ नको, असं त्यांनी सांगितलं. मी वर्ग सोडून गेलेच. पोचले तेव्हा त्या भक्तनिवासाच्या ओसरीवर बसून शेंगा फोडत होत्या आणि शेजारच्या दोन बायकांना सांगत होत्या की आपल्या गुर्द्यावर एकेक गाठ असती, बोकडाला पण असती. मला बघून त्यांनी सरकून जागा केली. मी त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप उतरला होता.

"म्हणलं व्हतं ना येऊ नको," त्या म्हणाल्या आणि शेंगांची पिशवी माझ्यापुढं केली.